आश्रयाकडून आधाराकडे: आटपाडीची कला आणि सार्वजनिक निधी

माणदेशाचे कलाधन

माण नदीच्या खोऱ्यातला, सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत विखुरलेला कमी पावसाचा मुलूख म्हणजे माणदेश. आटपाडी तालुका हा त्याचा सांगली जिल्ह्यातला भाग. सह्याद्रीवर रिकामे झालेले ढग इथवर येईपर्यंत विरळ होतात, त्यामुळे जिराईत शेती, मेंढपाळी आणि पोटासाठी बाहेरगावी जाणे हेच इथले पिढ्यानपिढ्यांचे जगणे. डाळिंबाच्या बागा आणि टेंभू योजनेचे पाणी या अलीकडच्या गोष्टी आहेत. इथल्या कला या कोरड्या जगण्यातूनच निपजल्या.

गजीनृत्य हे धनगर समाजाचे समूहनृत्य. अंगात पांढरा पायघोळ अंगरखा, डोक्याला पटका आणि दोन्ही हातांत रंगीत रुमाल घेऊन नाचणारे गोल धरतात. मध्ये ढोल, झांज आणि सनई वाजते. ढोलाचा ठेका बदलला की पावले बदलतात, हातवारे बदलतात, गोलाची गती वाढते. गजी एकट्याने करता येत नाही. नाचणारे आणि वाजवणारे एकमेकांच्या अंगवळणी पडलेले असावे लागतात, आणि त्यासाठी एका वाडीतल्या माणसांनी वर्षानुवर्षे एकत्र नाचलेले असावे लागते.

धनगरी ओवीचेही तसेच. बिरोबाचा जन्म, त्याचे लग्न, त्याचे पराक्रम अशा कथा ढोलाच्या साथीने रात्रभर सांगितल्या जातात. मुख्य गायक ओवी उचलतो, साथीदार ती झेलतात, मध्येच गद्य कथन येते आणि पुन्हा ओवी सुरू होते. या कथा पोथीत नाहीत, गायकाच्या स्मरणात आहेत. जर्मन अभ्यासक ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांमध्ये वर्षानुवर्षे फिरून अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या दैवतांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांच्या तोंडी दख्खनच्या धर्मेतिहासाचे केवढे मोठे साधन आहे, हे त्यामुळे विद्वानांच्या लक्षात आले.

याच मेंढरांच्या लोकरीतून घोंगडे तयार होते. सनगर समाजाचे कारागीर लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन ते हातमागावर विणतात. यात्रेतला तमाशा, देवळातले भजन, सनई-चौघडा आणि घराघरांतल्या जात्यावरच्या ओव्या हे या कलाधनाचे आणखी काही भाग.

लिखित साहित्यातही हा तालुका मागे नाही. ग. दि. माडगूळकर यांचा जन्म १९१९मध्ये शेटफळे इथे, तर त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांचा १९२७मध्ये माडगुळे इथे झाला. ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र लिहिणारे शंकरराव खरात आटपाडीचे, तर ऐतिहासिक कादंबरीकार ना. सं. इनामदार गोमेवाडीचे. हे चौघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माडगूळकर बंधूंपैकी थोरले १९७३मध्ये यवतमाळला आणि धाकटे १९८३मध्ये अंबाजोगाईला, खरात १९८४मध्ये जळगावला आणि इनामदार १९९७मध्ये अहमदनगरला. मात्र या चौघांनाही नाव मिळवण्यासाठी गाव सोडावे लागले. लेखक गाव सोडून गेला तरी त्याचे लेखन थांबत नाही, उलट गावाची आठवण त्यात उतरते. गजीचा गोल मात्र वाडी सोडून जगत नाही. म्हणून प्रश्न असा की, जी कला जागच्या जागीच जगू शकते तिचा खर्च कोणी उचलायचा?

वतन, बलुते आणि यात्रा

जुन्या गावगाड्याने या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. देवळात वाजवणाऱ्या गुरवाला, सण-समारंभात वाद्ये वाजवणाऱ्या समाजांना सुगीला धान्याचे बलुते मिळे. देवस्थानांना इनाम जमिनी असत आणि त्यांच्या उत्पन्नातून पूजा, वाजंत्री व उत्सव चालत. कलेचा खर्च असा जमिनीच्या उत्पन्नातच धरलेला होता.

दुसरा आधार यात्रेचा. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा, आटपाडीच्या उत्तरेश्वराची कार्तिकी यात्रा, कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बिरोबाची यात्रा ही दैवतांची स्थाने, तशीच बाजाराचीही. खरसुंडी आणि आटपाडीचे जनावरांचे बाजार खिल्लार बैलांसाठी आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी दूरवर प्रसिद्ध आहेत. बाजारामुळे पैसा हलतो, पैशामुळे गर्दी जमते आणि गर्दीपुढे कला उभी राहते. गावची यात्रा कमिटी घरटी वर्गणी गोळा करते, तमाशाच्या फडाला सुपारी देते, कुस्त्यांचे मैदान भरवते. खानापूर आणि आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेले गलाई व्यावसायिक यात्रेला गावी येतात आणि वर्गणीचा मोठा भार उचलतात.

ही व्यवस्था शतकानुशतके चालली आणि तिने कला जगवली, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बलुते कलेच्या गुणावर नव्हे, तर जातीवर ठरत असे. ढोल, हलगी, सनई वाजवणारे हात बहुधा गावकुसाबाहेरचे किंवा उतरंडीत खालचे असत. त्यांच्या वाजवण्याशिवाय लग्न लागत नसे, पण त्यांना पंगतीत जागा नसे. गावकीची कामे करणाऱ्या तराळाच्या घरातले जिणे शंकरराव खरातांनी लिहून ठेवले आहे. कामाचा मोबदला हक्काने न मिळता मेहेरबानीने मिळत असेल, तर माणसाला किती वाकावे लागते हे त्यातून कळते. म्हणून जुन्या आश्रयाबद्दल हळहळताना तो जसाच्या तसा परत आणण्याची इच्छा धरता येत नाही.

औंधचा राजाश्रय

आटपाडी १९४८पर्यंत औंध संस्थानात होती. हे संस्थान लहान, त्याची गावे सलग नव्हती आणि उत्पन्नही बेताचे होते. तरीही १९०९ ते १९४७ या काळात राज्य करणारे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी कलेसाठी जे केले, ते अनेक मोठ्या संस्थानिकांनाही जमले नाही. ते स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी आयुष्यभर केला. १९३५मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

औंधच्या टेकडीवर १९३८मध्ये उभे राहिलेले श्रीभवानी संग्रहालय हे त्यांच्या दृष्टीचे सर्वांत टिकाऊ फळ. राजा रविवर्मा, धुरंधर आणि बंगाली शैलीच्या चित्रकारांच्या कृती तिथे आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘आई आणि मूल’ हे शिल्पही आहे. हा संग्रह राजवाड्याच्या दिवाणखान्यात न ठेवता सर्वांना पाहता यावा म्हणून त्यासाठी स्वतंत्र इमारत उभारली गेली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली, तेव्हा भवानरावांनी १९१८मध्ये एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ते काम १९६६मध्ये पूर्ण झाले. गायक अंतूबुवा जोशी यांनी १९४०मध्ये औंधात सुरू केलेला संगीतोत्सव आजही दरवर्षी भरतो. ग. दि. माडगूळकरांचे काही शिक्षणही औंधलाच झाले.

याच राज्यात १९३९मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना लागू झाली आणि राजाने आपण होऊन सत्ता लोकांकडे सोपवली. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत त्याच विचारातून उभी राहिली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७च्या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत होती आणि त्याची कथा लिहिली होती ग. दि. माडगूळकरांनी.

राजाश्रयाची मर्यादा मात्र औंधच्या उदाहरणातही दिसते. राजा कलाप्रेमी निघणे हा योगायोग असतो. औंधला भवानराव लाभले, शेजारच्या अनेक संस्थानांना तसे कोणी लाभले नाही. राजाची आवड जिकडे, पैसा तिकडे. चित्रकलेला आणि शास्त्रीय संगीताला जे मिळाले, ते वाडीतल्या गजीला त्या प्रमाणात मिळाले नाही.

राजा गेल्यावर: तिकिटाचा काळ

राजाश्रय तुटला की काय होते, याचा धडा सांगलीने एकोणिसाव्या शतकातच पाहिला होता. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून राजाला तसे मराठीत काही व्हावे असे वाटले होते. १८५१मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले आणि भाव्यांच्या मंडळीचा आधार गेला. मग ती गावोगाव फिरू लागली आणि १८५३मध्ये मुंबईत तिकीट लावून तिचे प्रयोग झाले. त्यातूनच मराठी व्यावसायिक रंगभूमीची वाट तयार झाली. आज ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

ही गोष्ट बाजाराच्या बाजूने दिलेला पुरावा म्हणून अनेकदा सांगितली जाते: राजा गेला, तिकीट आले आणि नाटक वाढले. पण ती पुरती सांगायला हवी. तिकिटावर उभे राहण्याआधी काही वर्षे त्या मंडळीला शिकायला, चुकायला आणि सावरायला संस्थानचा पैसा मिळाला होता. तिकीट खिडकी तयार कलेला पैसा देते, तयारीला देत नाही.

तिकिटाची दुसरी बाजू पठ्ठे बापूराव यांच्या आयुष्यात दिसते. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष इथे १८६६मध्ये जन्मलेला हा शाहीर तमाशाचा राजा म्हणून गाजला. त्याच्या लावण्यांनी फड गर्दीने भरत. १९४५मध्ये तो गेला तेव्हा मात्र त्याच्या पदरी दारिद्र्य होते. गर्दी कलावंताला चढवते, पण त्याच्या म्हातारपणाची सोय करत नाही.

प्रजेचा पैसा, प्रजेची कला

स्वातंत्र्यानंतर आश्रयाचे काम लोकनियुक्त सरकारकडे आले. केंद्रात संगीत नाटक अकादमी १९५३मध्ये, तर साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी १९५४मध्ये स्थापन झाल्या. १९५४पासूनच राज्य नाट्य स्पर्धेने गावोगावच्या हौशी रंगकर्मींना मंच दिला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६०मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली, कामाला लागले. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावातल्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा रस्ता खुला केला.

या काळातले सर्वांत उजळ उदाहरण पुन्हा माणदेशाशी जोडलेले आहे. १९५५च्या रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ प्रसारित करायला सुरुवात केली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्याला एक नवे गीत, असा हा क्रम वर्षभर चालला आणि छप्पन्न गीते झाली. एका कवीला आणि एका संगीतकाराला वर्षभर, ठरलेल्या वेळी, नवे काही रचण्याचे काम देणे कोणत्याही खासगी कंपनीला धोक्याचे वाटले असते. सरकारी नभोवाणीने ते दिले. लाखो घरांनी ते फुकट ऐकले आणि त्यानंतर त्याचे प्रयोग व ध्वनिमुद्रणे यांवर खासगी व्यवसायही उभा राहिला. सार्वजनिक पैसा आधी गेला, बाजार मागून आला.

दुसरे उदाहरण लोकसाहित्याचे. वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीचे काम दीर्घकाळ केले. जात्यावरच्या ओव्या, सणांची गाणी, कहाण्या, उखाणे हे सारे गावोगावच्या बायकांच्या तोंडून गोळा होऊन ग्रंथरूपाने आले. या पुस्तकांवर कोणी श्रीमंत झाले नसते आणि म्हणूनच बाजाराने ती काढली नसती. पण ती निघाली नसती तर त्या बायकांबरोबर तो ठेवाही गेला असता.

तिकिटावर का भागत नाही

सार्वजनिक आधाराचा मुद्दा भावनेवर सोडण्याची गरज नाही. त्यामागे साधा हिशेब आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावरचा ग्रंथ लिहिला आणि एक अडचण दाखवून दिली. कारखान्यात यंत्र सुधारले की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो आणि मजुरी वाढली तरी भागते. कलेत तसे होत नाही. चौघांनी वाजवायची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसे लागत, आजही चारच लागतात. त्यांची मजुरी मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढलीच पाहिजे. म्हणून प्रयोगाचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावत राहतो.

हा हिशेब गजीला आणि तमाशाला तंतोतंत लागू पडतो. ट्रॅक्टर आल्याने नांगरटीला लागणारी माणसे घटली, पण गजीच्या गोलातली माणसे घटवली तर गोलच राहत नाही. तमाशाचा तंबूचा फड म्हणजे ढोलकीवाले, हलगीवाले, सोंगाड्या, नाचणाऱ्या स्त्रिया, आचारी, कनात ठोकणारे मजूर आणि गाड्यांचे चालक असे चालतेबोलते गाव. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत सुपारीमागून सुपारी करत फिरतो. पावसाळ्याचे महिने बिनकमाईचे जातात. डिझेल, भाडे, पगार दरवर्षी वाढतात. २०२० आणि २०२१मध्ये महासाथीमुळे यात्राच बंद राहिल्या, तेव्हा हातावर पोट असलेल्या या कलावंतांचे सारे उत्पन्न एका फटक्यात थांबले. वर्गणी आणि सुपारी यांवर चालणारी व्यवस्था किती नाजूक आहे, हे तेव्हा उघड झाले.

दुसरे कारण असे की, कलेचा लाभ फक्त तिकीट काढणाऱ्याला होत नाही. वाडीत गजीचा गोल असला की पोरांना ताल कळतो, भांडलेली घरे एका गोलात येतात, बाहेरगावी गेलेला माणूस यात्रेसाठी परत येतो, यात्रेमुळे बाजार भरतो. या लाभाचे तिकीट फाडता येत नाही. रस्ता आणि शाळा यांचा खर्च सर्वांनी मिळून उचलायचा, तो याच कारणाने.

तिसरे कारण पिढ्यांचे. तोंडी परंपरेतली कला एक पिढी गाळून पुढे जात नाही. वाडा पडला तर पुन्हा बांधता येतो, पण शेवटचा ओवीकार शिष्याशिवाय गेला तर त्याची ओवी कोणत्याही पैशाने परत येत नाही. युनेस्कोने २००३मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा करार केला आणि भारत २००५मध्ये त्यात सामील झाला. कलेचे जतन म्हणजे ती जाणणाऱ्या माणसाचे आणि तिच्या शिकवण्याचे जतन, हा त्या कराराचा गाभा आहे.

आज हाताशी काय आहे

कायद्याने आणि योजनांनी बराच पाया घातला आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. पाणीपुरवठा, रस्ते आणि शिक्षण यांच्याबरोबर ग्रंथालये व सांस्कृतिक कार्य हे दोन विषयही त्यात आहेत. म्हणजे गावच्या अंदाजपत्रकात कलेसाठी रक्कम धरणे ही चैन नव्हे, तर घटनेने पंचायतींसाठी सुचवलेल्या कामांपैकी एक काम आहे.

राज्य सरकारकडून वयोवृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन मिळते. ही योजना आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते आणि २०२४पासून तिचे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये आहे. तमाशा, शाहिरी, दशावतार, खडीगंमत अशा कलांच्या पथकांसाठी भांडवली आणि प्रयोग अनुदानाचीही तरतूद आहे. कंपनी कायदा २०१३नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करायचा असतो आणि त्या कामांच्या यादीत पारंपरिक कला, हस्तकला व सार्वजनिक ग्रंथालये यांचा समावेश आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० स्थानिक कलावंतांना शाळांत शिकवण्यासाठी बोलावण्यास सांगते.

अडचण या सर्वांना गावाशी जोडण्याची आहे. मानधनासाठी कलेतल्या दीर्घ कामाचे पुरावे लागतात. छापील पत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणे, प्रमाणपत्रे ज्याच्याकडे आहेत त्याचा अर्ज सोपा होतो. मेंढरांमागे कोकणापासून कृष्णाकाठापर्यंत फिरणाऱ्या ओवीकाराकडे कात्रणे कुठून असणार? त्याचा पुरावा म्हणजे त्याची ओवी, आणि ती अर्जाला जोडता येत नाही. म्हणून ग्रामसभेने आपल्या गावातल्या कलावंतांची नोंद ठेवणे, ठराव करून त्यांना पुरावा देणे आणि अर्ज भरायला मदत करणे हे पैशाइतकेच मोलाचे काम ठरते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप दुष्काळी मुलखात साहजिक आहे: आधी पाणी, मग ढोल. पाण्याचा हक्क आटपाडीला सहज मिळालेला नाही. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी समान पाणीवाटपासाठी वर्षानुवर्षे परिषदा घेतल्या. पण पाणी आणि कला यांना एकमेकांसमोर उभे करण्याचे कारण नाही. अंदाजपत्रकातला कलेचा हिस्सा इतका लहान असतो की तो काढून घेतल्याने एखादा पाट पूर्ण होत नाही, मात्र तो दिल्याने एखादे पथक टिकते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीतले, औंध संस्थानातले धनगरांचे गाव गरीब आहे, तरीही ते श्रमदानाने तालीम बांधते आणि उद्घाटनाला राजाला बोलावते. पोट भरल्यावरच माणसे एकत्र येऊन काही उभारतात असे नाही. अनेकदा एकत्र उभारलेल्या गोष्टीमुळेच कठीण दिवस काढायचे बळ येते.

दुसरा आक्षेप असा की, सरकारी पैसा आला की कला मिंधी होते. ही भीती खोटी नाही. यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे पैसा सरकारचा, निवड मात्र जाणकारांच्या स्वायत्त मंडळाची. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या पुढाकाराने १९४६मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेली कला परिषद याच तत्त्वावर उभी राहिली आणि भारतातल्या अकादम्याही स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झाल्या. शिवाय एकाच दात्यावर अवलंबून राहणारी कला लवकर मिंधी होते. वर्गणी, तिकीट, ग्रामपंचायत, राज्य आणि उद्योग असे पाच हात असतील, तर एकाच्या इच्छेपुढे मान तुकवावी लागत नाही.

तिसरा आक्षेप वशिल्याचा. निधी ओळखीच्यांनाच मिळतो, अशी तक्रार कलावंतांच्या तोंडी असते. त्याला उत्तर निधी बंद करणे हे नव्हे, तर निकष जाहीर करणे, लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचणे आणि निवड समितीत कलावंतांनाच जागा देणे हे आहे.

चांगल्या आधाराची लक्षणे

आसपासच्या काही प्रयोगांवरून चांगला आधार कसा असतो हे ओळखता येते. सातारा जिल्ह्यातले भिलार हे गाव २०१७मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने पुस्तकांचे गाव झाले. एका मोठ्या इमारतीऐवजी गावातल्या घराघरांत पुस्तके ठेवली गेली आणि ग्रामस्थ त्यांचे राखणदार झाले. सरकारने साधन दिले, सांभाळ गावाने घेतला. म्हसवडला २००८मध्ये सुरू झालेले ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र माणदेशाच्या बोलीत बोलते. अशा केंद्रामुळे ओवीकाराला यात्रेबाहेरही श्रोता मिळू शकतो आणि त्याची ओवी ध्वनिमुद्रित होऊन राहते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दीडशे वर्षांहून जुन्या या कारागिरीला त्यामुळे आपल्या नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. घोंगड्यासारख्या वस्तूंनाही अशा मार्गाने नवे गिऱ्हाईक शोधता येते.

या सर्वांतून आटपाडीसारख्या तालुक्यासाठी एक क्रम निघतो. पहिली पायरी नोंदीची: कोण काय वाजवतो, गातो, विणतो याची गाववार यादी आणि ओव्यांचे ध्वनिमुद्रण. दुसरी शिकवण्याची: म्हाताऱ्या ओवीकाराला नुसते मानधन न देता, शाळेत किंवा तालमीत पोरांना शिकवण्याचे काम आणि त्याचा पगार द्यावा, म्हणजे त्याचा मानही राहतो आणि कलाही पुढे जाते. तिसरी जागेची: वर्षभर सरावाला मिळेल असे पटांगण किंवा सभागृह, ज्याचे भाडे कलावंताला परवडेल. चौथी मोबदल्याची: सरकारी कार्यक्रमात, मिरवणुकीत, पाहुण्यांच्या स्वागताला ढोल वाजवायला बोलावले की ठरलेल्या दराने आणि वेळेवर पैसे मिळावेत. नारळ आणि टोपी हा सत्कार झाला, मोबदला नव्हे. पाचवी सातत्याची: एका वर्षी मोठा महोत्सव आणि पुढची चार वर्षे शांतता यापेक्षा दरवर्षीची लहान पण खात्रीची रक्कम बरी. औंधचा संगीतोत्सव संस्थान विलीन होऊनही टिकला, तो दरवर्षी भरत राहिल्यामुळे.

बलुत्याने कला जगवली, पण तिला जातीशी बांधले. राजाने तिला वाढवले, पण आपल्या आवडीपुरते. तिकिटाने तिला मोकळे केले, पण पडत्या काळात सोडून दिले. सार्वजनिक निधी ही या तिन्हींनंतरची व्यवस्था आहे आणि तिचे वेगळेपण मेहेरबानीच्या जागी हक्क आणण्यात आहे. गजीच्या गोलात उतरणाऱ्याला कोणासमोर हात पसरावा लागू नये, आणि त्याचा ढोल ऐकणाऱ्या गावाने त्या ढोलाचा खर्च आपला मानावा, एवढाच या आधाराचा अर्थ.